पडक्या कानाचा नंदी

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये असंच ते आहे. आमच्या मुर्री गावात माझ्या एकाही गोष्टीवर आजवर कोणाचा विश्वास बसलेला नाही, आणि तरी संध्याकाळी आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, टेकायला जागा मिळत नाही, ती काय उगीच? पण ही गोष्ट त्या सगळ्यांच्या वरची. माझ्यावर एक मशीन जळत होती. भाऊ भावावर जळतो, जाऊ जावेवर जळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण लोखंडाची, विजेवर चालणारी, पांढऱ्या रंगाची मशीन एका म्हाताऱ्या वाढयावर, म्हणजे सुतारावर जळली, हे अख्ख्या जिल्ह्यात फक्त माझ्याच बाबतीत घडलं.

परवा गोंदियाहून वीरेंद्र आला होता, नव्या घराच्या दाराची ऑर्डर द्यायला. माझा मुलगा प्रफुल शेडमध्ये मशीनपाशी गुंतलेला, म्हणून वीरेंद्र सपरीत खाटेवर बसला. हातात चहा. नंदाबाई, म्हणजे प्रफुलची माय, भिंतीला टेकून सुपात लाखोरीची डाळ निवडत होती. वीरेंद्रनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, “चाचा, आप भी कारीगर थे ना?”

थे! त्या ‘थे’वर मी त्याला ही सगळी गोष्ट ऐकवली. तीच इथे लिहितो. एक अक्षर कमी केलेलं नाही. वाढवलं असेल.

आम्ही वाढई. बाहेरचे लोक सुतार म्हणतात. दारं, चौकटी, नांगर, बैलबंड्या, सगळं केलं. पण माझं नाव झालं ते नंदीवर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लेकरांचा तान्हा पोळा भरतो, तेव्हा दोरीनं ओढायचे ते लाकडी नंदी. आणि आमच्या टोलीचा, म्हणजे वस्तीचा, रिवाज असा की तोरणाखाली पहिला नंदी उभा राहतो तो वाढयाच्या घरचा. पाटलाचा नाही, सरपंचाचा नाही. वाढयाच्या घरचं लेकरू दोरी धरून पुढे, बाकी सगळा गाव मागे. माझ्या आज्यापासून हे चालत आलं. प्रफुल लहान होता तेव्हा दोरी त्यानं धरली. आता त्याची मुलगी गुंजन धरते.

माझ्या नंदीची खूण म्हणजे डावा कान. तो पडका असतो. करवतीनं माझ्या डाव्या अंगठ्याचं पेर नेलं तेव्हापासून. त्या बाजूनं लाकूड दाबून धरायला जे पेर लागतं ते तिथं नाही. पटाशी जरा घसरते आणि कान खाली येतो. लोकांना मी सांगत आलो की हा नंदी धन्याचा आवाज ऐकायला कान खाली करतो. लोकांना ते आवडलं. बाजारात बाया लेकरांना सांगायच्या, “कान पाहून घेजो, बकारामचाच पाहिजे.”

मशीन आली ती भर रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत. प्रफुल रायपूरला फर्निचरच्या कारखान्यात होता, तिथून हे खूळ डोक्यात घेऊन परतला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्री पांघरून ती आली, नव्या नवरीसारखी. आमच्या बोळात ट्रॉली चिखलात फसली, तेव्हा ढकलायला मीही खांदा लावला. हे लक्षात ठेवा. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीत कळ, आणि वरून प्रफुल ओरडतो, “बाबा, हळू! तिले धक्का नको लागाले!”

मला लागला त्याचं काही नाही.

शेड एवढीशी. ती मधोमध बसली आणि माझा बुडखा आडवा यायला लागला. साजाच्या लाकडाचा तो बुडखा, त्यावर ठेवूनच आम्ही लाकूड तासतो. माझ्या आज्याच्या तासायच्या वाकसाचे घाव त्यावर आहेत, बापाचे आहेत, माझे आहेत.

“बाबा, तुमचा बुडखा जरासा बाहेर घेऊ का?” प्रफुलनं विचारलं.

“घे ना. विचारतं कायले?”

मला वाटलं तो म्हणेल, राहू द्या बाबा. त्यानं मंगरूला हाक मारली. मंगरू माझा जुना साथीदार. ओंडका चिरताना मी वर आणि तो खाली, मोठी करवत दोघांच्या मधे, असं आमचं अर्धं आयुष्य गेलं. त्या मंगरूनं माझा बुडखा पायानं लोटत लोटत वळचणीखाली नेला. आणि दुसऱ्या दिवशी तोंडाला फडकं बांधून मशीनपाशी उभा राहिला, तिनं कोरलेलं काम काचकागदानं घासायला. मी वळचणीखाली वाकस चालवतोय, पागोळ्या मानेवरून पाठीत उतरताहेत, आणि तो आतून म्हणतो, “बकाराम भाऊ, कमर वाचली गा माही! आंगाले घाम बी नाही!”

त्याच्या अंगाला घाम नाही याचंही मला वाईट वाटलं. घाम तर घाम, तोही मला एकट्यालाच का?

आता मशीन कशी दिसते ते सांगतो. एक मोठं टेबल. त्यावर एक कमान पुढं-मागं सरकते, कमानीला फिरणारी सुई. माझी सून रीता बारावी शिकलेली. ती बाजूला बसून फोनशी बोलते. “देवघराच्या दारावर दोन मोर पाहिजे, मधात कमळ.” तो एआय का कोण, तो लगेच चित्र काढून देतो, रीता ते कॉम्प्युटरमध्ये घालते, आणि सुई कोरत सुटते. त्या एआयनं जन्मात मोर पाहिला नसेल. तरी मोर आला, पिसातल्या डोळ्यासकट. मी जे काम रोवणीपासून निंदणीपर्यंत पुरवून केलं असतं ते तिनं एका पावसाच्या सरीत उरकलं. गोंदियाचे लोक मोटारसायकलवर बघायला यायला लागले. शेडमध्ये शिरताना माझ्या बुडख्यावर पाय देऊन चिखल पुसत.

“मग मशीन तुमच्यावर जळली कशी?” असं वीरेंद्रनं विचारलं नाही, पण त्याच्या तोंडावर ते दिसत होतं. म्हणून सांगतो.

ती सुरू झाली त्या दिवशी नंदाबाईनं तिची पूजा केली. नारळ, अगरबत्ती, ताट. लाल बटन आहे तिथं तिचं कपाळ समजून बोट टेकवलं. कुंकू कोणतं? स्वतःच्या डबीतलं, जे ती रोज कपाळाला लावते. माझ्या वाकसाला वर्षातून एकदा, दसऱ्याला कुंकू लागतं, आणि तेही दुकानातल्या पुडीतलं.

मी एवढंच म्हणालो, “म्हातारपणी घरात सवत आणली काय?”

ती म्हणाली, “आणली त तुमच्यासाठी आणली, अवो. माही नाही, तुमची सवत हाय ते.”

मंगरू फडक्यातून खो खो हसला. आणि थोड्याच वेळात शेडमधली लाईट गेली. गावात होती. शेजारच्या सुशिलाबाईकडे टीव्ही चालू. फक्त आमच्या शेडमध्ये नाही. मोराची मान अर्धी कोरून सुई थांबली. रीता धावत आली तर मेनचं बटन पडलेलं. का पडलं? कारण त्याच वेळी मी बाहेर रंधा मारत होतो, लाकडाचे लांब लांब झिलपे निघत होते, आणि तिला ते पाहवलं नाही. रुसली.

“चाचा, एमसीबी ट्रिप हुई होगी,” वीरेंद्र म्हणाला.

“ट्रिप नाही गा, रुसली. मी तेथीच होतो, त्या बटनापाशीच उभा होतो. माह्या डोळ्यानं पाह्यलं.”

नंदाबाईनं सुपातला एक खडा उचलून अंगणात फेकला.

दुसऱ्या वेळी तर तिनं खिळा खाल्ला. शिवणीच्या लाकडाची फळी लावली होती, सालेकशाच्या जंगलाकडून आणलेली, दुधासारखी. सुई फिरली आणि फट् आवाज आला. तुटून पत्र्याला लागली. फळीत खिळा निघाला. झाडात खिळे उगवत नाहीत हे मलाही कळतं. मग तो आला कुठून? तिनंच गिळला असणार, माझं नाव यावं म्हणून. प्रफुलनं तो खिळा तळहातावर घेतला. नवा, चकचकीत. त्यानं खिळ्याकडे पाहिलं, मग बाहेर माझ्याकडे पाहिलं, आणि खिळा खिशात टाकला. दुपारी जेवताना आम्ही दोघं समोरासमोर बसलो. त्यानं सगळा भात मान खाली घालून खाल्ला. नंदाबाई वाढता वाढता म्हणाली, “तुमचे खिळे डब्यातच ठेवत जा ना अवो. कोनाच्याई पायात भरते.”

मी म्हणालो, “वरण वाढ.”

हे सगळं मी सोसलं. कारण दारं गेली, चौकटी गेल्या, पण नंदी माझ्याकडेच होता. तिला मोर येतो, कमळ येतं, पण नंदी? छट्.

मग एके दिवशी शेतावर शिदोरी घेऊन गेलो. धानाच्या बांधीत बाया ओणव्या, घोट्याच्या वर चिखल, डोक्यापासून पाठीवर पांघरलेले प्लास्टिकचे मोरे, पाऊस झिमझिम. मी बांधावर उभा राहून पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या फेकत होतो. सुशिलाबाईनं वर न बघताच विचारलं, “बकाराम भाऊ, तुमची मशीन म्हंते आता बैल बी कराची हाय?”

“बैल नाही करत ते.”

“रीता त सांगत होती. या पोळ्याले सारे नंदी मशीनीचेच, तोरनाखालचा बी.”

माझ्या हातातली पेंडी बांधीत पडायची ती नंदाबाईच्या पाठीवर पडली. ती सरळ झाली, चिखलाचा हात कमरेवर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मले नोका मारू. मी कोठी बैल करतो?” अख्खी रांग हसली.

घरी आलो तर तो खरंच टेबलावर उभा होता. रीतानं फोनला सांगितलं, एआयनं काढला, मशीननं कोरला. शिंगं तलवारीसारखी, वशिंड मोठं, पायाचे खूर वेगळे वेगळे, दोन्ही कान ताठ. सुंदर होता. मला काही खोट सापडेना. मी चारही बाजूंनी फिरलो, खाली वाकून पोट पाहिलं, शेपटी पाहिली. खोट असती तर मी त्या दिवशी पोटभर जेवलो असतो.

खोट सुशिलाबाईनं काढली, चिखलाच्या पायांनी दारातूनच. “झकास हाय वो रीता. पन आपला नाही वाटत. कॅलेंडरातला वाटते.”

रीता हुशार. ती चिडली नाही. घरात गेली आणि देवळीतला जुना नंदी घेऊन आली, प्रफुल लहान असताना मी त्याच्यासाठी केलेला. त्याच्याभोवती फोन धरून फिरायला लागली. वरून, खालून, बाजूनं.

“मामाजी, याले जरा उजेडात ठेवता का? कान नीट नाही येऊन राहिला.”

आणि मी ठेवला. काय सांगू! माझ्याच हातांनी उचलून खिडकीखाली ठेवला, कान उजेडाकडे करून दिला. ती म्हणाली, “आता कसा मस्त आला!” मला बरं वाटलं. एवढा मूर्ख माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दोन-चार दिवसांनी सकाळी शेडमध्ये डोकावलो. भिंतीशी रांग लागली होती. लहान, मोठे, मधले. प्रत्येकाचा डावा कान पडलेला. नुसता पडलेला नाही, जसा माझा पडतो तसाच, आधी जरा बाहेर आणि मग खाली. पाठीवर वाकसाचे टवके, जे मी घासायचा कंटाळा करून तसेच ठेवतो, तेही आले होते. तिला सगळे अंगठे आहेत की एकही नाही, देव जाणे; पण माझा तुटका अंगठा तिनं रांगेत उभा केला होता. मंगरू काचकागद घेऊन बसला होता. म्हणाला, “भाऊ, हे टवके घासाचे नाही म्हंते प्रफुल. लोकायले हातचं वाटाले पाहिजे म्हंते.”

मी एका नंदीच्या कानाला हात लावला. गुळगुळीत.

त्या दिवसापासून तिचं जळणं वाढलं. मी बाहेर बसलो की ती आत किंचाळायची. मी उठलो की गप्प. तिला कळलं होतं की बकाराम आता काहीतरी करणार आहे. आणि मी करणारच होतो. तिनं माझी चूक चोरली ना? घे, ठेव. आता मी बिनचुकीचा नंदी करतो. दोन्ही कान बरोबर. बघू ती कोणाचं काय चोरते.

शिवणीचा जाड तुकडा मी माळ्यावर राखून ठेवला होता. तो काढला. वाकसानं घडवला, मग पटाशी, मग बारीक पटाशी. डाव्या कानाशी आलो की अंगठ्याची जागा रिकामी. मग मी लाकूड दोन्ही पायांच्या मधे धरलं, टाचेनं दाबलं, आणि वाकून, हनुवटी जवळजवळ नंदीच्या शिंगावर टेकवून कान कोरला. पिंडऱ्यांत गोळे आले. वळचणीचं पाणी मानेवर पडत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. नंदाबाई पोतं घेऊन आली आणि माझ्या डोक्यावर टाकून गेली. मी त्या पोत्याखाली बसून आयुष्यातला पहिला सरळ कान काढला.

मग घासला. मंगरूकडून काचकागद मागायची लाज वाटली, म्हणून फेकलेले तुकडे उचलले. असा घासला की माशी बसली तर घसरेल. माझ्या बापानं असा केला नव्हता, आज्यानं केला नव्हता.

सपरीत आणून ठेवला आणि कोणी काही म्हणेल म्हणून शेजारी विडी ओढत बसलो.

पहिली नंदाबाई आली. “हा कोनाचा? प्रफुलचा?”

मी धूर सोडला.

मग रीता. वाकून पाहिलं, पाठीवरून हात फिरवला. तिचा जीव चांगला आहे, मनापासून बोलते. “अरे वा! मामाजी, तुमी केला? किती भारी फिनिशिंग! डिट्टो मशीनवानी!”

विडी बोटाला लागेपर्यंत मला कळलं नाही.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता नारबोद काढायला सगळा गाव गल्लीत आला. घरातली रोगराई गावाबाहेर घालवायची ही आमची रीत. बायका दारात उभ्या राहून ओरडत होत्या, ताप घेऊन जा, खोकला घेऊन जा, मच्छर घेऊन जा गा नारबोद! आमच्या दारात नंदाबाई. तिनं एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, “हेवा घेऊन जा! जळकुटेपना घेऊन जा गा नारबोद!”

ती मशीनबद्दल बोलत होती, हे मी वीरेंद्रला समजावून सांगितलं. वीरेंद्र चहाच्या रिकाम्या पेल्यात बघत “जी” म्हणाला.

दुपारी सपरीत दोन नंदी उभे केले. एक माझा, सरळ कानांचा. एक मशीनचा, त्या रांगेतला सगळ्यात मोठा, पडक्या कानाचा. दोघांना हळद, दोघांना घुंगरू, दोघांना झूल. तोरण बांधून झालं होतं, डफडं वाजायला लागलं होतं. प्रफुल म्हणाला, “गुंजनलेच ठरवू द्या. दोरी तिले धराची हाय.” ते बरोबरच होतं. मीही मान हलवली.

गुंजन सात वर्षांची. नवा फ्रॉक घालून, कपाळाला गंध लावून आली. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि पळत जाऊन मशीनच्या नंदीच्या गळ्याला मिठी मारली.

“हा पाहिजे. हा आबाचा.”

“नाही बेटा,” मी म्हणालो. “आबाचा हा हाय. हा पाय.”

तिनं माझ्या नंदीकडे पाहिलं. लेकराला दया येते ना, तसं माझ्याकडे पाहिलं. “हा मशीनीचा हाय, आबा. तुमच्या नंदीचा कान पडते.”

“मी केला ना बेटा. या हातानं केला.”

“खोटे!” ती हसली. “आबा खोटे बोलून राहिले!” आणि मिठी घट्ट केली.

आता सांगा. माझ्या नातीनं मलाच धरलं होतं आणि मलाच सोडलं होतं. तिनं आबाचा म्हणूनच तो निवडला, आणि आबाचा तो नव्हता. पडका कान माझा. ज्याच्या डोक्यावर तो होता ते डोकं माझं नव्हतं. शेडमध्ये मशीन थंड उभी होती, लाल दिवा लावून, आणि हसत होती. त्या दिवशी ती जळत नव्हती, हसत होती, एवढं मी कबूल करतो.

रीतानं गुंजनला वेणी घालायला आत नेलं. प्रफुल तोरणाकडे गेला. सपरीत मी आणि दोन नंदी. मग मी पान लावायला आत गेलो, असं समजा. परत आलो.

गुंजन धावत बाहेर आली आणि थबकली. दोन्ही नंदींचे डावे कान पडलेले.

“आबा, आता दोन दोन झाले?”

“हो ना.”

ती चांगलीच घोटाळली. एकाच्या कानाला गाल लावला, मशीनच्या. मग माझ्या नंदीच्या कानाला लावला आणि “हाय हाय” करून मागे सरली. गालावर लाल ओरखडा. तिनं गाल चोळला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा त्याच कानाला हात लावला.

“हा टोचते,” ती म्हणाली. “तुमची दाढी टोचते तसाच. हाच आबाचा!”

आणि दोरी उचलली.

मुर्रीच्या तोरणाखाली पहिला नंदी उभा राहिला तो माझा. डफडं वाजलं, झडत्या म्हणून झाल्या, गुंजनच्या हातात खाऊ पडला. सुशिलाबाई म्हणाली, “बकारामचा कान दुरूनच वळखते बाप्पा.” मागे गावची सगळी लेकरं, सगळे मशीनचे नंदी, सगळे कान पाडून माझ्या नंदीच्या मागे. प्रफुल माझ्या शेजारी उभा होता. त्यानं त्या कानाकडे बराच वेळ पाहिलं. त्यानं खिशात हात घातला, फळीतला तो खिळा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्यानंच माझी मूठ मिटवली आणि मग म्हणाला, “बाबा, उद्या बुडखा आत घेऊ. खिडकीपाशी जागा होते.”

बुडखा आता आत आहे. ती मधे, मी खिडकीशी. अजून जळते माझ्यावर. सवयीची झाली आहे.

वीरेंद्रनं पेला खाली ठेवला. माणूस व्यापारी, सगळं ऐकून घेतो आणि नेमकं तेवढंच विचारतो. “सब ठीक है चाचा. पर लकड़ी का कान अपने आप गिरा कैसे?”

“आता तेच त सांगून राहिलो ना,” मी म्हणालो आणि खाटेवर पुढे सरकलो. “मी आत पान लावत होतो. गुंजन आतून ओरडली, ‘आबा, माहा नंदी कोठी हाय?’ तो नंदी शिवणीचा, शिवण मोठी मायाळू जात. त्यानं तो आवाज आयकला, मान जराशी वळवली, आन अस्सा हळूच, पाखरू बसावं तसा, डावा कान खाली केला. कोनी हात नाही लावला. मी शपथ...”

“खोटं,” नंदाबाई म्हणाली.

तिनं सूप खाली ठेवलं, पदरानं हात झटकले.

“पटाशी घेऊन तुमीच उडवला तो कान. मी दारामागं उभी होती. उडवला आन तुकडा पायानं खाटेखाली सारला.” ती उठली. “माह्या कुंकवाच्या डबीत हाय तो. आनू का?”